बेटावरची म्हातारी

उन्हाळा लागला की रुईची बोंडे उकलतात आणि डोक्यावर रेशमी केसांचा झुपका घेतलेल्या बिया वाऱ्यावर तरंगू लागतात. मुले त्यांना 'म्हातारी' म्हणतात, पकडतात आणि फुंकर घालून पुन्हा उडवून देतात. बीजप्रसाराचा पाठ घेताना आपणही हेच उदाहरण देतो. बी दूर गेली तर आईच्या सावलीतून सुटते, तिला नवी जागा मिळते, म्हणून उडणे फायद्याचे. पाठ तिथे संपतो. पण समजा, ही रुई समुद्रातल्या एका चिमुकल्या खडकाळ बेटावर उगवली आहे. एका काठावरून दुसऱ्या काठाला तीस-चाळीस पावलांत जाता यावे, एवढेच ते बेट. तिथे उत्तम उडणाऱ्या म्हातारीचे काय होईल?

ती समुद्रात पडेल. त्याच झाडावरची एखादी बी, जिचा झुपका थोडा तोकडा आहे किंवा अंग थोडे जड आहे, ती आईच्या पायाशी पडेल आणि कदाचित रुजेल. गंमत अशी, की रुई त्या बेटावर मुळात पोचली ती उत्तम उडणाऱ्या बीमुळेच. ज्या गुणाने बेट गाठून दिले, तोच बेटावर पाय ठेवताच अंगाशी येतो.

अशा बेटावर काही वर्षांनी आखूड झुपक्याच्या बिया आढळल्या, तर वर्गातले नेहमीचे उत्तर ठरलेले असते : 'उडण्याची गरज उरली नाही, म्हणून झुपका लहान झाला.' हे वाक्य मी स्वतः विद्यार्थी असताना उत्तरपत्रिकेत लिहिले आहे आणि त्याला पूर्ण गुणही मिळवले आहेत. तरी ते चूक आहे. झाडाला गरज कळत नाही आणि गरज नसलेली वस्तू काढून टाकण्याची सोय त्याच्याकडे नसते. झुपका लहान व्हायचा तर तीन गोष्टी लागतात. झाडाझाडांत झुपक्याच्या मापात फरक हवा, तो फरक काही अंशी तरी आनुवंशिक हवा, आणि लहान झुपकेवाल्यांची पिल्लावळ इतरांपेक्षा जास्त जगायला हवी. यातले तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. झुपका 'नको' असणे पुरत नाही. तो बाळगल्याने काही नुकसान व्हावे लागते. बेटांवरच्या वनस्पती हा मुद्दा जितक्या स्वच्छपणे दाखवतात, तितका क्वचितच दुसरे कोणी दाखवत असेल.

चार्ल्स डार्विनने १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये भुंगेऱ्यांबाबत असाच तर्क मांडला होता. मदीरा बेटांवरील भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, हा वॉलस्टन या कीटकशास्त्रज्ञाचा आकडा देऊन त्याने म्हटले, की जे भुंगेरे जास्त उडत ते वाऱ्याबरोबर समुद्रात गेले असावेत. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ शर्विन कार्लक्विस्ट यांनी हवाई बेटांवर बायडेन्स या प्रजातीची फळे तपासली. आपल्याकडच्या आघाड्यासारखी या प्रजातीची फळे एरवी कपड्यांना आणि प्राण्यांच्या केसांना चिकटतात. हवाईच्या जंगलातल्या जातींत मात्र फळांवरचे आकडे आखूड झालेले किंवा नाहीसेच झालेले त्यांना दिसले. ही निरीक्षणे मोलाची आहेत, पण त्यांत एक अडचण आहे. ती लाखो वर्षांच्या गोष्टीचे शेवटचे पान दाखवतात, मधली पाने नाहीत.

ती मधली पाने कॅनडात वाचायला मिळाली. व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बार्कली साउंड नावाची रुंद खाडी आहे आणि तिच्यात शेकडो लहान बेटे विखुरलेली आहेत. काही तर एका वर्गखोलीएवढी. मार्टिन कोडी आणि जेकब ओव्हर्टन यांनी यांतल्या दोनशेहून अधिक बेटांवरच्या वनस्पतींची सुमारे दहा वर्षे नोंद ठेवली आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. (त्यांची 'मुख्यभूमी' म्हणजे खरे तर व्हँकूव्हर बेटच. पण ३१,००० चौरस किलोमीटरचे बेट बीच्या दृष्टीने मुख्यभूमीच म्हणायचे.) त्यांनी निवडलेल्या वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातल्या होत्या. त्यांतली एक सॅलडच्या लेट्यूसची रानटी बहीण, युरोपातून तिकडे पसरलेले एक पिवळ्या फुलांचे तण. तिच्या फळाच्या डोक्यावर केसांचा झुपका असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला पिच्छसंदल म्हणतात. आपली रुई आणि हे तण यांत फरक आहे : रुईची म्हातारी ही खरी बी, तर या कुळातली 'म्हातारी' म्हणजे एकबीजी सुके फळ आणि त्याचा झुपका हा फुलाच्या निदलपुंजाचा बदललेला अवतार. उडण्याचे गणित मात्र दोघींचे एकच.

हे गणित सोपे आहे. समजा, फळ जमिनीपासून १ मीटर उंचीवरून सुटले आणि सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने खाली येत आहे. जमिनीवर टेकायला त्याला ४ सेकंद लागतील. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, तर तेवढ्यात ते २० मीटर दूर जाईल. आता झुपका इतका तोकडा घ्या, की खाली येण्याचा वेग दुप्पट झाला. अंतर १० मीटरवर आले. बेट ३० मीटर रुंद आणि झाड मधोमध असेल, तर काठ १५ मीटरवर. पहिले फळ समुद्रात, दुसरे जमिनीवर. फळाचे वजन वाढले तरी परिणाम तोच. म्हणून कोडी आणि ओव्हर्टन यांनी दोन्ही मोजले : बीचे आकारमान आणि झुपक्याचे आकारमान.

लहान बेटांवरची वस्ती टिकाऊ नसते. एखाद्या वादळी हिवाळ्यात किंवा कोरड्या उन्हाळ्यात ती साफ होते आणि कधीतरी पुन्हा एखादे फळ येऊन रुजते. दरवर्षी नोंद असल्यामुळे कोणत्या बेटावरची वस्ती किती वर्षांची आहे, हे या दोघांना माहीत होते. सगळी गंमत या वयाच्या नोंदीत आहे. अगदी नव्या वस्तीतल्या बिया मुख्यभूमीवरच्या बियांपेक्षा ठळकपणे लहान निघाल्या. म्हणजे अपेक्षेच्या बरोबर उलट! पण विचार केला तर ते तसेच असायला हवे. समुद्र ओलांडून आलेले फळ हे हजारांतले सर्वांत हलके असणार. हा टप्पा चाळणीचा. चाळणीतून पडलेल्यांनी वस्ती केली आणि आपले हलकेपण मुलांना दिले. पुढच्या वर्षांत मात्र दिशा उलटली. वस्ती जशी जुनी होत गेली तसतशा बिया जड होत मुख्यभूमीच्या मापाला आल्या आणि झुपके मुख्यभूमीपेक्षाही लहान झाले. याला लाखो वर्षे लागली नाहीत, दहाच्या आत वर्षे पुरली. अल्पायुषी तणाच्या बाबतीत म्हणजे मोजक्या पिढ्या.

चिकित्सक वाचक इथे हात वर करतील, आणि त्यांनी तो करावाच. बेटावरची माती वेगळी, खारे वारे वेगळे. झुपका लहान होणे हा निव्वळ पोषणाचा परिणाम कशावरून नसेल? या शंकेचे चांगले उत्तर एका शहरात मिळाले. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावात पदपथावरच्या झाडांभोवती मातीची आळी ठेवलेली असतात, बाकी सगळा सिमेंट-डांबराचा समुद्र. या आळ्यांत क्रेपिस सँक्टा नावाचे सूर्यफूल कुळातले तण वाढते. त्याच्या एकाच फुलोऱ्यात दोन प्रकारची फळे असतात : कडेची जड, बिनझुपक्याची आणि मधली हलकी, झुपकेवाली. शेप्टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले, की झुपकेवाल्या फळाला आपल्याच आळ्यात पडण्याची संधी जड फळापेक्षा ५५ टक्क्यांनी कमी मिळते. त्यांनी आळ्यांतल्या आणि मोकळ्या रानातल्या, दोन्हीकडच्या बिया एकाच हरितगृहात, एकाच परिस्थितीत वाढवल्या. तरीही आळ्यांतल्या झाडांनी जड फळांचे प्रमाण जास्त ठेवले. तेव्हा फरक मातीचा नव्हता, आनुवंशिक होता. त्यांच्या हिशेबाने हा बदल घडायला साधारण ५ ते १२ पिढ्या लागल्या असाव्यात.

हे मोजमाप आपल्याकडे कोणत्याही शाळेत करून पाहता येईल. एकदांडी (दगडी पाला) हे तण आवारात असतेच. पूर्ण पिकून फुललेल्या डोक्यातली दहा फळे घ्यावीत, पंखे आणि खिडक्या बंद करून २ मीटर उंचीवरून एकेक सोडावे आणि घड्याळाने वेळ मोजावा. प्रत्येक फळ पाच वेळा सोडून सरासरी काढावी. मग बारीक कात्रीने झुपक्याचे निम्मे केस कापून तेच फळ पुन्हा सोडावे. पडण्याचा वेग किती वाढला, यावरून वरचे गणित मुलांना स्वतः मांडता येईल. फरसबंदीच्या फटीतली झाडे आणि मैदानातली झाडे यांची तुलना करायचा मोह होईल. जरूर करावी, पण फरक दिसला नाही तर निराश होऊ नये. फटीत दरवर्षी बाहेरून नवी फळे येऊन पडत असतील, तर निवडीने केलेली कमाई त्यांत विरून जाते. खऱ्या बेटांवरही झुपका हरवलेला नेहमीच दिसतो असे नाही. मोठ्या बेटावर बी समुद्रात पडण्याचा धोका कमी, आणि तिथे मुख्यभूमीपेक्षा फारसा फरक नसावा हेच रास्त.

झुपक्याच्या बाबतीत नुकसान डोळ्यांना दिसते. काट्यांच्या बाबतीत हिशेब थोडा आत दडलेला असतो. काटे, पानांतली कडू द्रव्ये, उग्र वासाची तेले हा सगळा संरक्षणखर्च आहे. चरणारे प्राणी असतील तर तो भरून निघतो. नसतील, तर तोच माल वाढीला आणि बियांना लावणारे झाड पुढे जाते. दूरच्या बेटांवर चरणारे सस्तन प्राणी सहसा पोचलेले नसतात. हवाई बेटांवर पुदिना-तुळशीच्या कुळातल्या कितीतरी जाती आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांच्या पानांना वास नाही किंवा नावापुरता आहे. पान चुरगळावे आणि नाकाशी काहीच येऊ नये!

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर सांताक्रूझ बेट आहे. तिथे जंगली चेरीचे एक झाड आहे. मुख्यभूमीवरच्या त्याच्या भावंडाची पाने लहान आणि कडेला टोचरी, बेटावरची मोठी आणि बहुधा सपाट काठाची. बोवेन आणि व्हॅन व्ह्यूरेन यांनी १९९७ साली अशा अनेक जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. बेटावरच्या वनस्पतींत संरक्षण कमी होते, आणि मेंढ्यांसमोर दोन्हीकडचा पाला ठेवला तेव्हा त्यांनी बेटावरचा जास्त खाल्ला. मेंढीला उत्क्रांतीशास्त्र कळत नसले तरी चव कळते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी : या बेटांवर एकेकाळी बुटक्या जातीचे मॅमथ हत्ती होते, ते सुमारे १३,००० वर्षांपूर्वी नष्ट झाले. म्हणजे 'बेटावर चरणारे कधीच नव्हते' असे सरसकट म्हणता येत नाही.

न्यूझीलंडमध्ये तर हा मुद्दा फारच सुंदर रीतीने पुढे येतो. तिथे चरणारे सस्तन प्राणी नव्हते, पण मोआ नावाचे न उडणारे प्रचंड पक्षी होते. सर्वांत मोठ्या जाती मान उंचावून सुमारे ३ मीटरपर्यंत पोचत. तिथल्या होरोएका या झाडाचे वागणे चमत्कारिक आहे. रोप असताना पाने तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, पालापाचोळ्यात मिसळून जाणारी. थोडे वाढले की पाने लांब, अरुंद, ताठ, खाली झुकलेली आणि कडेला दाते असलेली. दात्यांजवळ उठून दिसणारे रंगीत डाग. झाड साधारण ३ मीटरच्या वर गेले, की पाने एकदम साधी, हिरवी होतात. न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. तिथे मोआ कधीच नव्हते. तिथल्या होरोएकाच्या जवळच्या नातलगात हा रंग बदलण्याचा सारा खटाटोप नाही. फॅड्झली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली पक्ष्यांच्या डोळ्यांना कोणते रंग कसे दिसतात ते लक्षात घेऊन ही पाने मोजली. रोपाची पाने पाचोळ्याशी मिळतीजुळती ठरली, पुढच्या वयातले डाग मात्र पक्ष्याच्या नजरेत भरण्याजोगे. पानांच्या आकाराचे कारण हवामानात शोधणारेही शास्त्रज्ञ आहेत आणि हा वाद मिटलेला नाही. पण चॅटमची तुलना मला तरी मोआच्या बाजूने बोलणारी वाटते.

आता आपल्या चुकीच्या वाक्याकडे परत येऊ. माणूस न्यूझीलंडला पोचल्यावर थोड्याच काळात मोआ संपले. याला सुमारे ६०० वर्षे झाली. होरोएकाची 'गरज' त्या दिवशीच संपली. तरी आजही त्याचे रोप तपकिरी उगवते आणि दाते बाळगते. झाडांच्या हिशेबात ६०० वर्षे म्हणजे थोड्या पिढ्या, आणि दात्यांचा तोटाही समुद्रात पडण्याइतका निर्दय नाही. बार्कली साउंडमध्ये गुण काही वर्षांत बदलला, इथे शतकांत नाही. गरज दोन्हीकडे संपलीच होती. फरक पडला तो नुकसानीच्या आकाराने आणि पिढीच्या लांबीने. हवाईतही असेच एक कोडे होते. सायनिया या प्रजातीच्या काही जातींत कोवळ्या वयात खोडापानांवर काटे असतात, जणू बेटाचा नियम त्यांना कोणी सांगितलाच नाही. तिथे पूर्वी मोठी, न उडणारी, पाला खाणारी बदके होती, हे त्यांच्या हाडांवरून कळले आणि १९९४ साली गिव्हनिश यांनी काट्यांचा संबंध या नामशेष बदकांशी जोडला.

बेटांवरचे आणखी एक वैशिष्ट्य धावते सांगून पुढे जातो. मुख्यभूमीवर जी रोपे हातभर उंचीची असतात, त्यांचे नातलग बेटांवर लाकडी खोडाची झुडपे, क्वचित झाडे होतात. कॅनरी बेटांवर असे अनेक आहेत. बेटांवर लाकडी झालेल्या हजाराहून अधिक जातींची यादी २०२२ साली प्रसिद्ध झाली. कारणांबाबत एकमत नाही : उंच वाढायला मोकळी जागा, सौम्य हिवाळा, चरणाऱ्यांचा अभाव, कोरड्या हवेत पाणी वाहून नेण्याची सोय, अशी चार-पाच उत्तरे आहेत आणि बहुधा वेगवेगळ्या बेटांवर वेगवेगळी लागू पडतात.

काट्यांचा हिशेब मात्र माणसाने बिघडवला. बोटीवरच्या खलाशांना वाटेत ताजे मांस मिळावे म्हणून बेटांवर शेळ्या सोडण्याची पद्धत होती. नेपोलियनमुळे प्रसिद्ध असलेल्या सेंट हेलेना बेटावर पोर्तुगीजांनी १५१३च्या सुमारास शेळ्या आणल्या. तिथले जंगल त्यांनी आणि लाकूडतोडीने मिळून संपवले. आपल्याकडे अंदमानात ब्रिटिश काळात सोडलेली चितळे आणि इंटरव्ह्यू बेटावर लाकूड ओढायला नेऊन मागे सोडलेले हत्ती यांनी जंगलाची रोपे कशी खाऊन टाकली, याच्याही नोंदी झाल्या आहेत. लाखो वर्षांत हरवलेले संरक्षण शेळीच्या एका पिढीत परत येत नाही. होरोएकाच्या उदाहरणात जो संथपणा गमतीचा वाटला, तोच इथे जीवघेणा ठरतो.

सेंट हेलेनाला 'ऑलिव्ह' नावाचे एक झाड होते. नाव ऑलिव्ह, पण कूळ आपल्या बोरीचे. त्याला काटे नव्हते. बोर काटेरी, हे बिनकाट्याचे. तेव्हा बेटावर येऊन त्याने काटे गमावले, असे लिहायला हात शिवशिवतो. पण तुलना करायची ती जवळच्या नातलगाशी. त्याची जवळची नातलग दक्षिण आफ्रिकेतली फायलिका, आणि तीही बिनकाट्याची. म्हणजे गमावण्यासारखे काटे त्याच्याकडे नव्हतेच. बेटांवरची उदाहरणे शिकवताना ही एक तपासणी सोडू नये, नाहीतर दिसेल तो साधेपणा बेटाच्या नावावर जमा होतो. त्या झाडाचे रानातले शेवटचे खोड १९९४ साली वाळले आणि बागेत जपलेले शेवटचे २००३ साली.

त्याच बेटावरच्या बुटक्या एबनीचे दैव थोडे बरे. (हेही नावापुरतेच एबनी, कूळ भेंडी-जास्वंदीचे.) ती नष्ट झाली असेच सर्वांनी धरले होते. १९८० साली शेळ्यांना पाय ठेवता येणार नाही अशा एका कड्यावर तिची दोन झुडपे सापडली. त्यांच्या फांद्यांपासून रोपे तयार केली गेली आणि आज बेटावर उभी असलेली तिची हजारो झाडे त्या दोघांचीच संतती आहे.